मुंबईची वीज आणि मुळशीचे पाणी

१/ मुंबईत संध्याकाळी दिवा लागतो, पंखा फिरतो, लोकल धावते. या शहराच्या विजेचा एक वाटा शंभराहून अधिक वर्षे सह्याद्रीच्या पावसातून येत आला आहे. तिच्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही. धूर निघत नाही, राख उरत नाही. ‘हरित ऊर्जा’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी ती ऊर्जा मुंबईच्या घराघरांत पोहोचली होती. तिचा इतिहास मात्र दोन ठिकाणी घडला: मुंबईच्या गिरणगावात आणि मुळशीच्या भातखाचरांत. हा धागा त्या दोन्ही ठिकाणांचा.

२/ आरंभ कोळशापासून होतो. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवची ती गिरणी सुरू झाली. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली. प्रत्येक गिरणीला स्वतःचा बॉयलर, स्वतःचे वाफेचे इंजिन आणि स्वतःची चिमणी होती. मुंबईच्या आसपास कोळशाची एकही खाण नाही. आरंभी कोळसा इंग्लंडहून जहाजाने येई. पुढे बंगालच्या खाणींतून येऊ लागला. कापसाचे शहर दूरच्या कोळशावर जगत होते.

३/ गिरण्यांच्या भिंतींना लागूनच कामगारांच्या चाळी होत्या. भोंगा आणि धूर ही गिरणगावाची नित्याची सोबत होती. अखेर १९१२ साली मुंबई सरकारने धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. भारतातील वायुप्रदूषणविषयक आरंभीच्या कायद्यांपैकी तो एक होय. कायद्याने चिमणीवर लक्ष ठेवता येत होते. कोळशाला पर्याय देणे मात्र त्याच्या आवाक्यातले नव्हते. तो पर्याय त्याच सुमारास घाटमाथ्यावर आकार घेत होता.

४/ त्यासाठी सह्याद्रीची रचना समजून घ्यावी लागते. हा डोंगर पश्चिमेला कड्यासारखा तुटलेला आणि पूर्वेला हळूहळू उतरता आहे. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कोकणच्या कड्यापासून थोड्याच अंतरावर उगम पावणाऱ्या इंद्रायणी आणि मुळा या नद्या पाठ फिरवून पूर्वेकडे निघतात. भीमा आणि कृष्णेला मिळून त्यांचे पाणी शेकडो किलोमीटरांच्या प्रवासानंतर बंगालच्या उपसागरात पोहोचते.

५/ हेच पाणी माथ्यावर अडवून, पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडले तर? डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतील वास्तुविशारदाने ही कल्पना जमशेटजी टाटांपुढे मांडली आणि त्यांनी तिचा ध्यास घेतला. ती प्रत्यक्षात उतरलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९०४ साली त्यांचे निधन झाले. दोराबजी टाटा यांच्या काळात १९१० मध्ये ‘टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक’ कंपनी स्थापन झाली. १९११ साली लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीचे वीजघर सुरू झाले.

६/ लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत पावसाचे पाणी साठवायचे. ते पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला न्यायचे. तेथे पाण्याचा प्रचंड दाबाचा झोत चक्राच्या पेल्यांवर आदळतो, चक्र फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. ती वीज तारांवरून सुमारे ७० किलोमीटर दूर मुंबईत पोहोचवली जाई. एरवी पाण्याला इतकी उंची देण्यासाठी अजस्र धरण बांधावे लागते. येथे ती उंची सह्याद्रीने आयतीच दिली होती.

७/ हिशेब साधा आहे. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आले की, घट-तूट वजा जाता, साधारण १ युनिट वीज हाती येते. ज्या घरात महिन्याला १०० युनिट वीज लागते, त्या घरासाठी अशा रीतीने सुमारे एक लाख लिटर पाणी घाट उतरते. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. विजेच्या बिलावर हे पाणी कोठेच दिसत नाही. तेवढ्या पाण्याला साठायला जागा लागते, हेही त्या बिलावर दिसत नाही.

८/ शहराला या विजेचा लाभ खराच झाला. गिरण्यांत वाफेच्या इंजिनांची जागा विजेच्या मोटारी घेऊ लागल्या. मागणी वाढली तशी दुसरी योजना आली. इंद्रायणीला मिळणाऱ्या आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधून तिचे पाणी कर्जतजवळच्या भिवपुरीला उतरवण्यात आले. ते वीजघर १९२२ साली सुरू झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेवरची आगगाडी धावली. घाटावरची वीज मुंबईच्या रेल्वेलाही मिळू लागली. पावसाचे पाणी आता मुंबईकराला कामावर पोहोचवत होते.

९/ आणखी वीज हवी होती. १९१९ साली स्थापन झालेल्या ‘टाटा पॉवर’ कंपनीने पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात, निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, धरणाची जागा निवडली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती निवड अचूक होती: भरपूर पाऊस, रुंद खोरे आणि पलीकडे कोकणचा तुटलेला कडा. पण रुंद खोरे म्हणजेच चांगली भातशेती. आंबेमोहोर तांदळासाठी मुळशी-मावळचे नाव आजही घेतले जाते. डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि खोऱ्याच्या तळाशी भात, अशी तेथील शेती होती. धरणाचे पाणी आधी नेमके तळाशी चढणार होते.

१०/ पन्नासच्या आसपास गावे आणि दहा हजारांहून अधिक माणसे या योजनेच्या छायेत आली. हातात कायदा होता १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यानुसार सरकार सार्वजनिक हितासाठी जमीन घेऊ शकत असे. ठरावीक अटींवर खासगी कंपनीसाठीही घेऊ शकत असे. मालकाला मोबदला मिळे. ‘जमीन द्यायची आहे का?’ हा प्रश्न त्याला विचारण्याचे बंधन मात्र कायद्यात नव्हते. मुळशीत तर जमिनींचे रीतसर संपादन होण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले. मावळ्यांना धरणाची बातमी कळली ती अशी.

११/ १६ एप्रिल १९२१. रामनवमीचा दिवस. शेतकरी धरणाच्या जागेवर जमले आणि कामाच्या आड बसले. त्यांत बायकाही होत्या. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. काम थांबले. काही महिन्यांच्या तहकुबीनंतर कंपनीने ते पुन्हा सुरू केले, तेव्हा सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला आणि अटकसत्र चालू झाले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे प्रमुख नेते. बापटांना जनतेने दिलेली ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यातील. धरणाविरुद्धच्या जगातील अगदी आरंभीच्या संघटित आंदोलनांत मुळशीची गणना होते.

१२/ प्रश्न सोपा नव्हता. समोर परकीय कंपनी नव्हती. स्वदेशी भांडवलावर उभा असलेला उद्योग होता. पाणी वापरल्याने कोळसा वाचणार होता, गिरण्यांना स्वस्त वीज मिळणार होती आणि हजारोंचा रोजगार तिच्यावर अवलंबून होता. योजनेच्या समर्थकांचा हा युक्तिवाद खोटा नव्हता. महात्मा गांधींनी एप्रिल १९२१ मध्ये या प्रश्नावर लिहिले. टाटांच्या घराण्याने कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न बसता थेट लोकांशी बोलावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वीज हवी की नको, यापेक्षा ती कोणत्या रीतीने मिळवायची, हा प्रश्न त्यांनी पुढे केला.

१३/ लढ्याला तडा गेला तो आतून. मुळशीतील बरीच जमीन कागदोपत्री सावकारांकडे गेलेली होती. त्यांतील अनेक जण पुण्यात राहत. कसणारा मावळा बहुधा कूळ किंवा कर्जदार होता. सावकाराच्या दृष्टीने जमीन ही रक्कम होती आणि चांगला दर मिळाला तर ती सोडायला त्याची हरकत नव्हती. कसणाऱ्यासाठी ती अन्न, देव आणि गाव होती. मोबदला वाढवून मिळण्याची चिन्हे दिसताच दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कायदा पैसे मालकाला देणार होता. कुळाच्या हाती काय राहणार, हे त्यात फारसे स्पष्ट नव्हते.

१४/ आंदोलन क्षीण होत गेले. बापटांनी माघार घेतली नाही. पण त्यांची वाट अहिंसेच्या चौकटीत राहिली नाही. १९२४ च्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यांसह कंपनीच्या कामावरील गाडी अडवली. त्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले. खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला आणि १९२७ साली कोकणातील भिरा येथे मुळशीच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या राबून बांधलेली खाचरे आता तलावाचा तळ झाली होती. ती वीज मुंबईला जात होती.

१५/ या व्यवस्थेचा एक परिणाम आजही वाहतो आहे. वीजघरांतून बाहेर पडणारे पाणी पश्चिमेच्या नद्यांत जाते: खोपोलीचे पाताळगंगेत, भिवपुरीचे उल्हासच्या खोऱ्यात, भिऱ्याचे कुंडलिकेत. भर उन्हाळ्यातही या नद्या वाहत्या राहतात. त्यांच्या काठची शहरे आणि कारखाने त्या पाण्यावर विसंबून आहेत. उलट, हेच पाणी मुळात ज्या भीमेच्या खोऱ्याचे, तेथे खाली सोलापूरपर्यंत अवर्षणप्रवण प्रदेश पसरला आहे. मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, ही मागणी त्यामुळेच अधूनमधून पुढे येते. तीही सोपी नाही. शंभर वर्षांत दोन्ही बाजूंना तहानलेली माणसे वाढली आहेत.

१६/ मुळशीत विचारला गेलेला प्रश्न कायद्यात यायला फार वेळ लागला. स्वातंत्र्यानंतर कोयनेसह अनेक धरणांनी विस्थापितांची संख्या वाढवली. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. १८९४ चा कायदा मात्र केंद्राच्या २०१३ च्या नव्या कायद्यापर्यंत टिकला. आता खासगी कंपनीसाठी सरकार जमीन घेणार असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती सर्वसाधारणपणे आवश्यक ठरते; जमिनीवर पोट असलेल्या कुळाचा आणि मजुराचाही विचार त्यात आहे. धरणाच्या जागेवर मावळे बसले त्यानंतर ९२ वर्षांनी.

१७/ आणि हा इतिहास संपलेला नाही. सूर्य मावळला की सौरऊर्जा थांबते. म्हणून दिवसाची वीज रात्रीसाठी साठवण्याची सोय लागते. त्यासाठी पुन्हा पाणी आणि उंची यांचीच मदत घेतली जाते: दिवसा स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि रात्री ते खाली सोडून वीज परत मिळवायची. टाटा पॉवरने २०२३ मध्ये भिवपुरी आणि शिरवटा येथे अशा उदंचन प्रकल्पांसाठी राज्य शासनाशी करार केला. शतकापूर्वी निवडलेला तोच घाट, तोच कडा पुन्हा उपयोगी पडतो आहे.

१८/ मुळशीमुळे जलविद्युत वाईट ठरत नाही. गिरणगावावरचा धूर खरा होता आणि पाण्याने वाचवलेला कोळसाही खरा होता. पण चिमणी डोळ्यांना दिसते, बुडालेले खाचर दिसत नाही. पवनचक्कीला पठार लागते, सौर प्रकल्पाला माळरान लागते, बॅटरीला खाणीतील धातू लागतो. प्रत्येक ठिकाणी आधीपासून कोणी ना कोणी राहत असते, गुरे चारत असते, पेरत असते. ऊर्जा स्वच्छ आहे का, हे विचारताना त्या माणसालाही कोणी विचारले का, हे पाहावे लागते.

१९/ उन्हाळ्याच्या अखेरीस मुळशीच्या जलाशयाचे पाणी खाली जाते आणि काठची जमीन हळूहळू उघडी पडते. मग पाऊस येतो, तलाव भरतो, पाणी बोगद्यातून भिऱ्याकडे निघते आणि सह्याद्रीच्या पलीकडे कोठेतरी दिवा लागतो. १९२१ च्या रामनवमीला धरणाच्या जागेवर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरात त्या दिवशी विजेचा दिवा नव्हता. त्यांच्या नावांची पाटी विजेच्या कोणत्याही खांबावर नाही. मुंबईच्या विजेचा इतिहास सांगताना तो खोपोलीच्या चक्रापासून सुरू करावा. पण मुळशीच्या खाचरापर्यंत नेल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

#मुळशी_सत्याग्रह #इतिहासाचे_धागे