भोपाळ, डिसेंबर 1984 : थांबायचं की पळायचं?

रविवार, 2 डिसेंबर, रात्री 10.20
युनियन कार्बाइडच्या कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीचा दाब प्रति चौरस इंच 2 पौंड. टाकीत सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट. कामगारांच्या तोंडी ते ‘मिक’. त्यापासून सेविन हे कीटकनाशक बनायचं. हे रसायन थंड ठेवावं लागतं, पण शीतकरण यंत्रणा जूनपासून बंद होती. त्या रात्री टाकीत पाणी शिरलं. ते कसं शिरलं यावर वाद झाले. शिरलं याबद्दल वाद नाही.

रात्री 11
पाळी नुकतीच बदललेली. दाब आता 10 पौंड. चाळीस मिनिटांत पाचपट झाला, तरी आकडा नेहमीच्या मर्यादेत बसणारा, म्हणून कुणाला खटकला नाही.

रस्त्यापलीकडे जयप्रकाशनगर झोपलेलं. पत्रा, फळ्या, ताडपत्री यांची घरं. त्याच वर्षी सरकारने भोपाळच्या झोपडपट्ट्यांना जमिनीचे पट्टे दिले होते. वर्षानुवर्षं हुसकावलं जाण्याच्या भीतीत काढलेल्या माणसांना घर आपलं वाटू लागलं होतं.

रात्री 11.30
कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती दिसली. अशा लहानसहान गळत्या तिथे सवयीच्या झालेल्या. चहा झाल्यावर बघू, असं ठरलं.

सोमवार, 3 डिसेंबर, रात्री 12.40
काटा मोजपट्टीच्या शेवटाला, 55 पौंडांच्या पुढे. टाकीवरचं काँक्रीट तडकलं, पायाखालची जमीन थरथरू लागली. गॅस निष्प्रभ करणारा स्क्रबर कामाला आला नाही. गॅस जाळून टाकणारा फ्लेअर टॉवरची जोडणी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली. पाण्याचे फवारे सुमारे 100 फुटांपर्यंत चढत होते आणि गॅस बाहेर पडत होता 120 फुटांवरून.

रात्री 12.50
भोंगा वाजला. कारखान्याबाहेर ऐकू जाणारा भोंगा काही मिनिटांतच बंद करण्यात आला. आतला, फक्त कामगारांसाठीचा, चालू राहिला. वस्तीला उगाच घाबरवू नये म्हणून हे दोन भोंगे आधीच वेगळे केलेले होते. कामगार वाऱ्याची दिशा बघून उलट्या बाजूला पळाले. त्यांना ते शिकवलेलं होतं, आणि त्यांतले बहुतेक वाचले.

भिंतीबाहेरच्या माणसांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मला या सगळ्या रात्रीतली सर्वांत असह्य गोष्ट हीच वाटते. सुटे भाग गंजले, यंत्रणा बंद पडल्या, त्यात पैसा आणि हलगर्जी होती. पण वाऱ्याला आडवं पळा, तोंडावर ओला कपडा धरा, हे सांगायला एक पैसाही लागला नसता. डोंबिवली, तारापूर, लोटे इथे कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या किती घरांना आज भोंगा वाजला तर काय करायचं ते ठाऊक आहे?

सोमवार, 3 डिसेंबर, रात्री 1
ठसक्याने लोक उठले. कुणीतरी मिरच्या जाळतंय, असं अनेकांना वाटलं. मग डोळे उघडेनात, श्वास पुरेना.

आणि इथे प्रत्येक घरापुढे प्रश्न आला : थांबायचं की पळायचं? हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत सरकत होता, म्हणजे लहान मुलांच्या नाकातोंडाच्या उंचीवर. वारा कारखान्याकडून रेल्वे स्टेशन आणि जुन्या शहराकडे वाहत होता. हजारो माणसं त्याच दिशेने, ढगाच्या सोबतीने धावली. धावताना धाप लागते आणि प्रत्येक श्वासाबरोबर जास्त विष आत जातं. पक्क्या घरात वरच्या मजल्यावर दारं-खिडक्या लावून, फटींत ओले कपडे कोंबून बसलेल्यांना त्या मानाने कमी बाधा झाली.

म्हणून ‘घरातच थांबायला हवं होतं’ असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ज्या घराच्या भिंतीतून चांदणं दिसतं, त्याचं दार लावून काय होणार? जयप्रकाशनगरला थांबणं हेही मरणच होतं. त्यांना पळायलाच हवं होतं, फक्त बाजूला, वाऱ्याच्या वाटेतून बाहेर. पक्क्या घरातल्याला एक उत्तर, झोपडीतल्याला दुसरं. कुणाचं कोणतं, हे सांगू शकणारी माणसं भिंतीच्या आत होती.

रात्री 1.25 ते 2.10
पोलिसांनी कारखान्यात फोन केले. दोनदा उत्तर आलं की सगळं ठीक आहे.

स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरून हुकूम येण्याची वाट पाहिली नाही. फलाटावर उभी असलेली प्रवाशांनी भरलेली गाडी त्यांनी वेळेआधी सोडली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अलीकडेच थांबवण्याचे निरोप धाडले. ते स्वतः थांबले. त्या रात्रीच्या गॅसचा त्रास त्यांना पुढे आयुष्यभर भोगावा लागला.

रात्री 2 नंतर
बाहेरचा भोंगा पुन्हा सुरू झाला. टाकीतला बहुतेक गॅस तोवर शहरात पसरला होता.

पहाट
हमीदिया रुग्णालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. गॅस कोणता, उतारा कोणता, डॉक्टरांना माहीत नव्हतं. डोळ्यांची जळजळ होते, पण जीवघेणं नाही, असं कारखान्याकडून सांगण्यात आलं. दिवसा पुन्हा गॅस सुटल्याची अफवा उठली आणि ज्यांना चालता येत होतं ते पुन्हा पळाले. मृतांचा सरकारी आकडा पुढे 5,295 वर गेला. गॅसपीडितांच्या संघटना तो कितीतरी जास्त असल्याचं सांगतात.

रविवार, 16 डिसेंबर
कारखान्यात मिक अजून शिल्लक होतं. ते वापरून संपवायचं ठरलं. शास्त्रज्ञ डॉ. वरदराजन यांच्या देखरेखीखाली शास्त्रज्ञांचा चमू आला, कुंपणाभोवती ओलं गोणपाट बांधलं, हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडायची सोय केली. मोहिमेला नाव दिलं ‘ऑपरेशन फेथ’. धोका नाही, असं मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांनी जाहीर केलं आणि ते स्वतः कारखान्यात हजर राहिले.

शहराने त्यावर विश्वास ठेवला नाही. आधीच्या चार-पाच दिवसांत लाखाहून जास्त लोक रेल्वेने, बसने, बैलगाडीने, पायी बाहेर पडले होते. घराला कुलूप, डोक्यावर बोचकं, कडेवर मूल. त्यांच्या त्या निर्णयाला घबराट म्हणण्याची माझी तयारी नाही. या वेळी तारीख आधी कळली होती, जायला दिवसाउजेड होता, आणि ‘सगळं ठीक आहे’ हे उत्तर एकदा खोटं ठरलं होतं. टाक्या आठवडाभरात, काहीही न सांडता, रिकाम्या झाल्या. मग लोक परतले.