उशिराचा भुर्दंड कोणी भरायचा? प्रोसेसरच्या वेळवाटपाचा इतिहास

१/ चित्रपट संगणकावर सुरळीत दिसावा, तर सेकंदाला २४ चित्रे लागतात; म्हणजे एका चित्रासाठी जेमतेम ४२ मिलिसेकंद. त्याच वेळी इतर कामेही प्रोसेसरच्या दारात उभी असतात. आधी पाळी कोणाची? 🧵

२/ वर्ष १९७३. सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी एका शोधनिबंधात सिद्ध केले, की ज्याची मुदत सर्वांत जवळ त्याला आधी पाळी दिली, तर ठरावीक अंतराने येणारी कामे एकाच प्रोसेसरची १००% क्षमता वापरूनही वेळेत पुरी होतात. अग्रक्रम कायमचे ठरवून दिले, तर कामे कितीही असली तरी चालेल अशी हमी सुमारे ६९ टक्क्यांपर्यंतच मिळते.

३/ या गणिताला एक अट होती : प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हे आधीच ठाऊक हवे. विमानाच्या नियंत्रणात उशीर म्हणजे अपघात. तेथे ही कठोरता रास्तच होती.

४/ १९९०च्या दशकात संगणकावर व्हिडिओ आला आणि अट जाचक ठरली. स्थिर दृश्य चटकन उलगडते, धावपळीचे दृश्य वेळ खाते. कमाल वेळ राखून ठेवावा, तर प्रोसेसर बराच काळ रिकामा. सरासरी वेळ राखावा, तर एखादे चित्र रेंगाळते आणि त्याच्यापायी शेजारच्या कामांचीही मुदत हुकते. वास्तविक एक चित्र उशिरा आल्याने पडदा क्षणभर अडखळतो, एवढेच. अशा कामांना ‘सॉफ्ट रिअल-टाइम’ म्हणतात.

५/ १९९८मध्ये इटलीतील लुका अबेनी आणि जॉर्जो बुत्ताझ्झो यांनी तोड सुचवली. प्रत्येक कामाला ठरावीक कालावधीत वेळेचा ठरावीक वाटा द्यायचा. वाटा संपला, की तो पुन्हा भरायचा. पण त्या कामाची मुदत पुढे ढकलायची. परिणामी ते आपोआप रांगेत मागे सरते आणि शेजाऱ्यांचा वाटा शाबूत राहतो.

६/ परंतु वाटा मुळातच अपुरा ठरला असेल तर? १९९९मध्ये याच दोघांनी पुढचे पाऊल टाकले. ढकललेली मुदत मूळ मुदतीपासून किती लांबली, हे प्रणालीने सतत मोजावे आणि त्यानुसार वाटा कमी-जास्त करावा. वेळवाटप आता परिस्थितीशी जुळवून घेऊ लागले.

७/ २०१४मध्ये लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत ‘शेड्यूल डेडलाइन’ ही सोय आली. तिच्या मुळाशी १९७३चा मुदतीचा नियम आणि १९९८ची वाट्याची कल्पना, अशी दोन्ही सूत्रे आहेत. उशीर सर्वस्वी टाळणे शक्य नव्हते. त्याचा भुर्दंड निरपराध शेजाऱ्यावर पडू नये, एवढी तजवीज मात्र झाली.