इंजिन ऑइलच्या डब्याचे माप कोण ठरवते?

दूध अर्धा लिटर किंवा एक लिटर मिळते, हे आपल्याला पाठ असते. इंजिन ऑइलच्या दुकानात मात्र 800 मिली, 900 मिली, 1 लिटर, 3.5 लिटर, 7.5 लिटर असे विचित्र आकडे फळीवर मांडलेले दिसतात. हे आकडे कुणाच्या लहरीने आलेले नाहीत. गेल्या शंभर वर्षांत ते दोन गोष्टींनी घडवले. इंजिनाच्या पोटात किती तेल मावते ही एक, आणि गिऱ्हाइकाचा विकणाऱ्यावर किती भरवसा आहे ही दुसरी.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते, कारण सामान्य माणसाच्या हातात मोटार प्रथम तिथे आली. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये बाजारात आली. तिच्या इंजिनात साधारण एक गॅलन, म्हणजे चार क्वार्ट तेल लागे. अमेरिकन क्वार्ट म्हणजे 946 मिली. त्या काळची इंजिने पेट्रोलबरोबर तेलही जाळत. त्यामुळे पंपावर थांबले की क्वार्टभर तेल वरून घालणे हा नेहमीचाच भाग होता. तेल पंपावर पिंपातून येई. तिथला माणूस ते काचेच्या बाटलीत भरे, तिच्या तोंडावर पत्र्याचे निमुळते नरसाळे बसवे आणि इंजिनात ओते. बाटलीवर मापाची रेघ असे. काचेतून तेलाचा रंग दिसे, माप दिसे, पण तेल कोणत्या कंपनीचे आहे हे कसे दिसणार? नामांकित कंपनीच्या बाटलीत स्वस्त तेल भरून विकणे सोपे होते, आणि तसे होतही असे.

1930 च्या दशकात सीलबंद पत्र्याचा डबा आला तो या फसवणुकीवर उपाय म्हणून. गिऱ्हाइकासमोर डब्याला टोकदार तोटी खुपसायची आणि तेल ओतायचे. एकदा भोक पडलेला डबा पुन्हा भरून विकता येत नाही. माप मात्र क्वार्टचेच राहिले, कारण गरज वरून घालण्यापुरतीच होती. पुढे खर्च वाचवण्यासाठी पत्र्याच्या जागी जाड कागदी अंगाचे आणि पत्र्याच्या झाकणांचे डबे आले. 1980 च्या दशकात फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बाटली रुळली. अर्धे तेल वापरून उरलेले झाकून ठेवणे आता शक्य झाले.

याच काळात इंजिने सुधारली आणि तेल जाळेनाशी झाली. पंपावर लोक स्वतःच पेट्रोल भरू लागले, आणि तेल मोठ्या दुकानातून आणून घरी बदलू लागले. अशा माणसाला एक क्वार्ट पुरत नाही, त्याला पूर्ण बदलाचे तेल लागते. म्हणून पाच क्वार्टचा, म्हणजे 4.73 लिटरचा कॅन लोकप्रिय झाला.

आपल्याकडे इंग्रजी अमलात गॅलन चालत असे, पण तो 4.546 लिटरचा ब्रिटिश गॅलन. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि व्यवहार लिटरमध्ये होऊ लागला. तरी जुने माप पूर्ण गेले नाही. गॅरेजमध्ये येणारे तेलाचे पिंप आजही 210 लिटरचे असते. ते 55 अमेरिकन गॅलनच्या, म्हणजे सुमारे 208 लिटरच्या पिंपाचेच भावंड आहे.

भारतीय रस्त्यावर दुचाकी जास्त. पुण्याच्या बजाज चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरला तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. दोन टक्क्यांच्या हिशेबाने एका लिटरला 20 मिली. एवढेसे तेल पंपावर सुटेच मापून घातले जाई. भेसळीचे किंवा जास्तीचे तेल पडले की धूर ठरलेला. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत असे सुटे टू-टी तेल विकण्यास बंदी घालण्याचा आदेश दिला. काचेच्या बाटलीने अमेरिकेत जो प्रश्न उभा केला होता, तोच इथे वेगळ्या रूपात पुढे आला.

1985 मध्ये हिरो होंडा सीडी 100 आली आणि फोर-स्ट्रोक मोटारसायकलींचा जमाना सुरू झाला. यात तेल इंजिनात वेगळे राहते आणि ठरावीक किलोमीटरनंतर पूर्ण बदलावे लागते. त्या मापाने 900 मिलीचा डबा रूढ झाला, स्कूटरसाठी 800 मिलीचा. छोट्या मोटारींसाठी 3 आणि 3.5 लिटर, ट्रॅक्टरसाठी 7.5 लिटर असे कॅन आले. यात सोय मोठी आहे. सील समोर फुटते, डबा पूर्ण रिकामा होतो आणि उरलेले तेल कुठे गेले हा वाद राहत नाही.

तोटाही आहे. समजा, 900 मिलीचा डबा 400 रुपयांना आणि लिटरचा 430 ला मिळतो. पहिला स्वस्त वाटतो, पण त्याचा लिटरमागे भाव 444 रुपये पडतो. वेगवेगळ्या मापांच्या डब्यांत असा हिशेब दुकानात उभ्या उभ्या कोण करणार? 2021 मध्ये दुरुस्त झालेल्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आता डब्यावर एकक भाव छापावा लागतो. पण लिटरहून कमी मालाचा भाव मिलिलिटरमागे असतो आणि लिटरहून जास्त मालाचा लिटरमागे. 44 पैशांची तुलना 430 रुपयांशी करायची तर हजाराने गुणावेच लागते.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. आपल्या गाडीला किती तेल लागते हे तिच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. डब्याचा आकडा न पाहता लिटरमागे भाव पाहावा. आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नये, त्याला भोक पाडावे. जुने डबे भरून बनावट तेल विकणारे आजही आहेत, आणि नव्वद वर्षांपूर्वी पत्र्याच्या डब्याला तोटी खुपसून जे साधले जात होते, ते प्लास्टिकच्या डब्याबाबत आपल्यालाच करावे लागते.