एक संदेश, अनेक प्रती

म्हसावद हे शहादा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याजवळचे गाव. (जळगावकडचे म्हसावद वेगळे.) रोमन लिपीत हे नाव आठ अक्षरांचे होते. देवनागरीत आपल्याला चारच अक्षरे दिसतात. मोबाइलला मात्र म, हलन्त, ह, स, काना, व, द असे सात संकेत पाठवावे लागतात. समूहसंदेशाचा इतिहास या मोजणीपासून सुरू करणे आम्हाला सोयीचे वाटते.

मोबाइल बोलण्यासाठी वापरात नसतानाही मनोऱ्याशी संकेतांची देवघेव करीत असतो. त्याच मार्गाने थोडा मजकूर धाडावा, ही एसएमएसमागील कल्पना. जर्मनीतील फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ मध्ये टंकयंत्रावर वाक्ये लिहून मोजली आणि १६० अक्षरे पुरेशी मानली. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी संगणकावरून पहिला संदेश पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एका संदेशात ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे. देवनागरी संकेताला १६, म्हणून ७०. सलग लिहिल्यास रोमन लिपीतील म्हसावद वीस वेळा बसते, देवनागरीतील दहाच वेळा. वर्गात हा हिशेब जरूर करून घ्यावा.

आता हाच संदेश चाळीस पालकांना पाठवायचा आहे. एसएमएसमध्ये खरा समूह नसतोच. फोन चाळीस स्वतंत्र संदेश पाठवतो. संदेश केंद्र प्रत्येक संदेश साठवून ज्याचा त्याला पोचवते. उत्तर येते ते फक्त पाठवणाऱ्याकडे. प्रत्येक प्रत मोजता येते, तिचे पैसे घेता येतात आणि तिच्यावर मर्यादाही घालता येते. नकोशा जाहिराती रोखण्यासाठी सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडील लोक बंगळूर, पुणे सोडून जाऊ लागले, तेव्हा सरकारने एकगठ्ठा संदेशांवरच काही दिवस बंदी आणली.

व्हॉट्सअॅपसारख्या इंटरनेटवरील सेवांत ही रचना बदलली. पाठवणारा फोन संदेश एकदाच कुलूपबंद करतो आणि त्याची एकच प्रत वर धाडतो. सदस्यांकडे किल्ली आधीच पोचलेली असते. प्रती काढण्याचे काम दूरचा सर्व्हर करतो. २०१६ पासून एका गटात २५६ सदस्य असू शकत होते. पाच गटांना मजकूर पुढे ढकलला की १२८० पर्यंत वाचक. दिवसाला २०० एसएमएस या हिशेबाने त्याला सातवा दिवस उजाडला असता. आमच्या मते तो विलंब म्हणजे नुसती गैरसोय नव्हती. तेवढ्या अवधीत कोणीतरी चौकशी करू शकले असते.

नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत ज्या धुळे जिल्ह्यात होता, तेथील साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८ हा तेथील बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षुकांना ठार मारले. ही माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून आली होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे ढकलण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, बरेच हात फिरून आलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. २०२२ मध्ये गटाची सदस्यसंख्या मात्र १०२४ पर्यंत वाढवण्यात आली.