लाइव्ह : रविशंकर ॲट द माँटेरे इंटरनॅशनल पॉप फेस्टिव्हल (ध्वनिमुद्रिका, १९६७)

सतारवादक पंडित रविशंकर (१९२०–२०१२) आणि तबलावादक उस्ताद अल्लारखा (१९१९–२०००) यांच्या १८ जून १९६७ रोजी झालेल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका. मैफल अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माँटेरे इंटरनॅशनल पॉप फेस्टिव्हल या महोत्सवात झाली. तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती होत्या. ‘वर्ल्ड पॅसिफिक’ कंपनीने १९६७ सालीच ही तबकडी बाजारात आणली. पहिल्या बाजूवर राग भीमपलास आहे, तर दुसऱ्या बाजूवर एकतालातील स्वतंत्र तबलावादन आणि दादरा व द्रुत तीनतालातील धून. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत ती ४३व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. इंग्रजी संदर्भग्रंथ तिची नोंद बहुधा रॉक महोत्सवांच्या इतिहासात, हिप्पी काळाची एक खूण म्हणून करतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. तबकडीत जे वाजले आहे ते नीट ऐकले तर तिची जागा आधी हिंदुस्थानी मैफलीच्या दस्तऐवजांत आहे आणि मग रॉकच्या इतिहासात, असे मानायला पुरेसा आधार मिळतो.

महोत्सव १६ ते १८ जून १९६७ असे तीन दिवस माँटेरे परगण्याच्या जत्रा-मैदानावर भरला होता. रॉक संगीताचा इतका मोठा, अनेक दिवस चालणारा उत्सव तोपर्यंत फारसा कोणी पाहिला नव्हता. दोन वर्षांनी झालेल्या वुडस्टॉक महोत्सवाचा नमुना इथेच तयार झाला. मूळ कल्पना व्यावसायिक कार्यक्रमाची होती आणि त्या टप्प्यावरच रविशंकरांशी करार झाला होता. पुढे संगीत-निर्माते लू ॲडलर आणि गायक जॉन फिलिप्स यांनी सूत्रे हाती घेऊन महोत्सव विनामोबदला सादरीकरणाचा केला. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, ओटिस रेडिंग, ‘द हू’ हे सगळे मानधनाशिवाय वाजवायला तयार झाले. रविशंकरांचा आधीचा करार मात्र पाळला गेला आणि त्यांना ३,००० डॉलर मिळाले. या रकमेपेक्षा महत्त्वाची होती ती वेळ. रविवारची संपूर्ण दुपार त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, त्यांच्या आधी किंवा नंतर लागून कोणीही मंचावर येणार नव्हते. बाकीच्या बहुतेकांच्या वाट्याला तासाभरापेक्षाही कमी वेळ आला, रविशंकर आणि अल्लारखा तीन तासांहून अधिक वाजवत राहिले. वादन चालू असताना धूम्रपान करू नये, अशी विनंतीही श्रोत्यांना करण्यात आली होती. थोडक्यात, महोत्सवाच्या पोटात एक स्वतंत्र मैफल मांडून घेतली गेली होती आणि तिचे नियम कलावंतांचे होते.

हे नियम तबकडीतही उतरले आहेत. पहिली गोष्ट रागाची. भीमपलास हा काफी थाटातला, कोमल गंधार व कोमल निषादाचा राग. आरोहात ऋषभ आणि धैवत वर्ज्य, अवरोह सातही स्वरांचा, वादी मध्यम आणि संवादी षड्ज. गाण्याची वेळ दिवसाचा तिसरा प्रहर, म्हणजे दुपार टळू लागण्याची. मराठी कानाला तो परका नाही. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटासाठी पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेल्या आणि भीमसेन जोशींनी गायलेल्या ज्ञानेश्वरांवरच्या पदातून तो घराघरांत गेला आहे. माँटेरेचा कार्यक्रम दुपारी सुरू झाला. समोरच्या हजारो श्रोत्यांपैकी जवळजवळ कोणालाच रागसमयाची कल्पना नव्हती. मालकंस किंवा दरबारी वाजवला असता तरी कोणी हरकत घेतली नसती, उलट पाश्चात्त्य तबकड्यांतून ‘गूढ भारत’ म्हणून जे विकले जात होते त्याला रात्रीचे गंभीर राग अधिक शोभले असते. तरीही दुपारचाच राग निवडला गेला. श्रोत्याला कळणार नाही तिथेही शिस्त पाळणे, हा कलेच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणावा लागेल. आलापीत मध्यमावर ठेवलेला ठेहराव आणि तिथून गंधाराकडे उतरणारी मींड यांना पुरता अवकाश दिलेला आहे. ज्या मैदानावर ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहत होत्या, तिथे एका तारेवरची ही मींड ऐकवण्याचे धाडस त्यांनी केले.

दुसरी गोष्ट तबल्याची, आणि तिच्यापाशी अधिक थांबायला हवे. पंजाब घराण्याचे अल्लारखा जन्माने जम्मूकडचे, कर्माने मुंबईचे. १९४० साली ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर रुजू झाले, ‘ए. आर. कुरेशी’ या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिले आणि अखेरपर्यंत मुंबईतच राहून शिष्य घडवले. रविशंकरांचीही मुंबईशी गाठ जुनी होती. ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेत असतानाच्या काळात ते तिथे राहिले आणि १९६२ साली ‘किन्नर’ ही आपली संगीतशाळा त्यांनी मुंबईतच उघडली. तिची लॉस एंजेलिसमधली शाखा माँटेरेच्या थोडेच आधी, १९६७ साली सुरू झाली होती. साथीच्या तबलजीने मागे बसून ठेका धरावा, जाहिरातीत त्याचे नावही नसावे, अशी रीत आपल्याकडे दीर्घकाळ होती. अशा वेळी एका तबकडीच्या मोजक्या मिनिटांतला एक पूर्ण तुकडा केवळ तबल्याला देणे हा ठरवून घेतलेला निर्णय आहे. त्यातही ताल एकताल. स्वतंत्र वादनाचा रुळलेला ताल सोळा मात्रांचा तीनताल. बारा मात्रांच्या एकतालात कायदे, तुकडे आणि तिहाया बसवताना हिशेब वेगळा पडतो, आणि पंजाब घराण्याची ख्याती या हिशेबाचीच. बाराला तीन आणि चार दोन्ही संख्यांनी भाग जातो, त्यामुळे लयीची विभागणी सतत कूस बदलू शकते आणि सम कुठे येणार याची ओढ शेवटच्या क्षणापर्यंत टिकते. चार ठोक्यांवर पाय आपटायची सवय असलेल्या श्रोत्यांसमोर हा ताल मांडणे म्हणजे त्यांच्या ओळखीच्या वाटेने जायचे नाही असे आधीच ठरवणे. या निवडीला तडजोड म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप श्रोत्यांबद्दलचा असतो. नशेत, उन्हापावसात, गवतावर पसरलेला तो तरुणवर्ग. त्याला यातले काय कळले, आणि कळले नसेल तर टाळ्यांचे मोल काय? आक्षेप वजनदार आहे, कारण स्वतः रविशंकरांनी पुढे अनेकदा त्या पिढीच्या नशापाण्याबद्दल खंत व्यक्त केली. पण न कळणे आणि न ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डी. ए. पेनेबेकर यांच्या ‘माँटेरे पॉप’ (१९६८) या चित्रपटाचा शेवट तबकडीतल्या याच धुनेने होतो, आणि त्या भागात बराच वेळ वादक दिसतच नाहीत. कॅमेरा मैदानभर फिरत राहतो आणि चेहरे टिपतो. कोणी डोळे मिटून आहे, कोणी डोके धरून, कोणी एकटक. त्यांत जिमी हेंड्रिक्स आणि मायकेल ब्लूमफील्ड हे गिटारवादकही आहेत. मग सतार आणि तबला दिसू लागतात, आणि द्रुत तीनतालातली सवाल-जवाबाची देवघेव संपता संपता सगळे मैदान उभे राहते. हे दृश्य पाहून श्रोते ऐकत नव्हते असे म्हणता येणार नाही.

आपल्या मुलखातला दाखला या ठिकाणी अधिक बोलका आहे. धाराशिव जिल्ह्यातले तुळजापूर हे गोंधळ परंपरेचे मोठे पीठ. कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे उपासक, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. लग्नानंतर किंवा नवस फेडताना चौक भरून, दिवटी पेटवून घातलेला गोंधळ रात्रभर चालतो. आधी नमन आणि ठिकठिकाणच्या देवदेवतांना आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. संबळाच्या लहानमोठ्या दोन भांड्यांवर काठ्यांनी जी लय धरली जाते ती कथेबरोबर चढत जाते, तुणतुणे एका स्वरावर टिकून असते. समोरचा समाज कलेचा जाणकार म्हणून जमलेला नसतो. पोरे तिथेच झोपतात, बाया मधूनच चुलीकडे जाऊन येतात, म्हातारी माणसे पेंगतात आणि आख्यान रंगात आले की बरोबर जागी होतात. पण म्हणून गोंधळ्याची लयकारी वाया गेली असे मराठवाड्यात कोणी म्हणत नाही. दादही मिळते आणि चूकही लक्षात येते. तीच गोष्ट चैत्रात तेरला संत गोरोबाकाकांच्या यात्रेत होणाऱ्या कीर्तन-भजनांची. उघड्या मैदानावरचा, वेगळ्याच कारणाने जमलेला समुदाय संगीताला अपात्र असतो, ही समजूत बंद सभागृहांच्या काळात रुजली. आपल्याकडचे संगीत त्याआधी शतकानुशतके देवळाच्या आवारात आणि जत्रेतच वाढले होते. माँटेरेचे मैदान त्या अर्थाने रविशंकरांना जेवढे परके समजले जाते तेवढे नव्हते.

दुसरा आक्षेप काटछाटीचा आहे. मैफल तीन तासांहून मोठी, तबकडी मात्र दोन बाजूंची. मग तिला त्या दुपारचा दस्तऐवज कसे म्हणायचे? वॉली हायडर यांच्या फिरत्या ध्वनिमुद्रण पथकाने महोत्सव मुद्रित केला, आणि त्यातून कंपनीने निवड केली, हे खरेच. संपूर्णतेचा दावा तबकडीला करता येत नाही. परंतु निवडीतही एक रचना राखली गेली आहे: आधी विस्ताराने राग, मग तबला, शेवटी हलकी धून. मैफलीचा हाच क्रम आपल्याकडे रुळलेला आहे. खपाचाच विचार असता तर धून पहिल्या बाजूवर आली असती आणि रागाला दहा मिनिटांत आटोपले असते. तीन मिनिटांच्या गाण्यांची सवय असलेल्या त्या बाजारात ते अधिक सोपे होते. तसे न करता पूर्ण बाजू एका रागाला दिली गेली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आपल्या थोर गवयांना साडेतीन मिनिटांत राग मांडावा लागत असे, त्या तुलनेत ही मोकळीक केवढी होती ते उघड आहे. याच महोत्सवातले हेंड्रिक्स आणि ओटिस रेडिंग यांचे सादरीकरण १९७० साली एका तबकडीच्या दोन बाजूंवर, एकेकाला एक बाजू असे निघाले. रविशंकरांची तबकडी मात्र महोत्सवाच्याच वर्षी आली आणि तिच्यात इतर कोणाचीही भेसळ नव्हती.

तिसरा आक्षेप आपल्याच जाणकारांचा, म्हणून तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. शेवटची धून, तिचा वाढता वेग, सवाल-जवाब आणि झाला हे सारे टाळ्या घेणारे आहे, त्यात रागसंगीताची खोली कुठे, असे ते विचारतात. द्रुतात चमक आहे हे नाकारण्याचे कारण नाही, आणि पुढच्या काळात अनेक वादकांनी फक्त चमकच उचलली हेही कबूल करावे लागेल. मात्र सवाल-जवाब अमेरिकेसाठी शोधलेला नव्हता. कर्नाटक संगीतातील लयीच्या देवाणघेवाणीकडे रविशंकर आधीपासून ओढले गेले होते आणि ती त्यांनी भारतातल्या मैफलींतही आणली होती. शिवाय धून भीमपलासाच्या आणि एकतालाच्या नंतर येते. श्रोत्यांनी अवघड भाग ऐकून घेतल्यावर त्यांना मोकळे करणारा तो शेवट आहे. ठुमरीने किंवा भैरवीने मैफल संपवणाऱ्या गवयाला आपण उथळ म्हणत नाही. माँटेरेच्या धुनेला वेगळा न्याय लावायचा तर त्याचे कारण संगीतात दाखवावे लागेल, आणि ते मला तिथे दिसत नाही.

या मैफलीनंतरच्या घटनांनी तिच्यावर सावली टाकली आहे. त्याच रविवारी रात्री ‘द हू’ने वाद्ये फोडली आणि हेंड्रिक्सने गिटार पेटवली. वाद्याला नमस्कार करून हात लावणाऱ्या रविशंकरांना हे फार लागले, आणि त्याबद्दल ते आयुष्यभर बोलत राहिले. १५ ऑगस्ट १९६९च्या रात्री वुडस्टॉकला ते पावसाच्या सरींत वाजवायला बसले. सोबत पुन्हा अल्लारखा होते आणि तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. पण तिथल्या प्रचंड गर्दीत माँटेरेचे समाधान त्यांना मिळाले नाही. पुढे रॉक महोत्सवांपासून ते दूर झाले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला रॉक संगीतकार जॉर्ज हॅरिसनसह झालेला बांगलादेशासाठीचा कार्यक्रम मदतनिधीचा होता, त्याची जात निराळी. रविशंकरांची ही माघार म्हणजे माँटेरेच फसल्याची कबुली, असे कधी कधी मांडले जाते. उलट माँटेरेत पाळलेल्या अटी, म्हणजे स्वतःची वेळ, बसलेला श्रोता आणि शांतता, पुढे मिळेनाशा झाल्या म्हणून ते दूर झाले. त्यांची तक्रार समजून घ्यायची तर मापदंड म्हणून हीच तबकडी ऐकावी लागते.

रॉकमधल्या सतारीची फॅशन चार-पाच वर्षांत ओसरली. तबल्याचे तसे झाले नाही. ‘ग्रेटफुल डेड’ या गटाचा ढोलवादक मिकी हार्ट साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अल्लारखांकडे लयीचा हिशेब शिकला. जॅझ ड्रमवादक बडी रिच यांच्यासह अल्लारखांची तबकडी १९६८ साली आली. अल्लारखांचे पुत्र, माहीमला वाढलेले झाकिर हुसेन पुढे हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ (१९९१) या प्रकल्पात सामील झाले आणि त्या ध्वनिमुद्रिकेला जागतिक संगीताच्या वर्गातला पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील तालवाद्यांच्या या इतिहासात माँटेरेच्या तबकडीची दुसरी बाजू, विशेषतः एकतालाचा तो तुकडा, अगदी आरंभी येतो. पहिल्या बाजूवरचा भीमपलास सतारीच्या अभ्यासकांनी पुष्कळ ऐकला आहे, अल्लारखांच्या वादनाला मात्र तेवढे बारकाईचे लेखन मराठीत अजून मिळालेले नाही. मुंबईत साठ वर्षे वाजवलेल्या आणि शिकवलेल्या कलावंताच्या बाबतीत ही उणीव मोठी आहे.