समुद्रजलाचे विद्युत् विच्छेदन आणि जहाजांचे नीरम

रिकाम्या जहाजास स्थैर्य यावे म्हणून त्याच्या तळाशी जो भार घालतात त्यास नीरम म्हणतात. शिडाच्या जहाजांच्या काळी हा भार दगड, वाळू अथवा माती यांचा असे. लोखंडी जहाजे व वाफेचे पंप आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याची जागा क्रमाक्रमाने पाण्याने घेतली. श्रम वाचले, परंतु एका बंदरातील जीव दुसऱ्या बंदरात सहज पोहोचू लागले. १९०३ मध्ये उत्तर समुद्रात पूर्वेकडील सागरांतील डायाटम वर्गाची एक सूक्ष्म वनस्पती विपुल आढळली. ती जहाजांबरोबर आली असावी, असे अनुमान डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ ऑस्टेनफेल्ड यांनी १९०८ मध्ये मांडले.

या व्याधीचे निदान होण्यापूर्वीच तिचे एक औषध हाती आले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. समुद्रजलातून विद्युत्प्रवाह नेला असता धनाग्रापाशी क्लोरीन निर्माण होतो व त्यापासून जंतुघ्न हायपोक्लोराइट बनते. फ्रेंच संशोधक एर्मीत यांनी याच तत्त्वावर मैलापाण्याच्या शुद्धीची योजना केली आणि १८९४ मध्ये इंग्लंडमधील वर्दिंग येथे तिचा प्रयोग झाला. पहिल्या महायुद्धात रसायनज्ञ डेकिन यांनी ‘ॲक्विटानिया’ या रुग्णनौकेवर समुद्रजलापासूनच जंतुनाशक तयार केले. जहाज ज्या पाण्यावर तरंगते, तेच त्याचे औषधालय ठरले.

तथापि नीरमाच्या पाण्याकडे जगाचे लक्ष वेधले ते उत्तर अमेरिकेतील गोड्या सरोवरांनी. काळ्या व कॅस्पियन समुद्रांच्या परिसरातील झेब्रा मसल हे शिंपले १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडले. १९८९ मध्ये त्यांनी मिशिगनमधील मनरो नगराचा पाणीपुरवठा बंद पाडला. पुढे २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार संमत झाला व तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला. बाहेर सोडलेल्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरात ५० मायक्रॉन वा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असावेत, असा त्याचा एक दंडक आहे. तो पाळण्यासाठी योजिलेल्या यंत्रणांत जंबुपार किरणांबरोबरच विद्युत् विच्छेदनास प्रमुख स्थान मिळाले.

परंतु ही पद्धती निर्दोष नव्हे. ऋणाग्रापाशी निघणारा ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. समुद्रजलातील ब्रोमाइडमुळे ब्रोमोफॉर्मसारखी संयुगे उद्‌भवतात. पाणी सोडण्यापूर्वी उरलेल्या ऑक्सिडीकारकांचे थायोसल्फेटादी द्रव्यांनी उदासिनीकरण करावे लागते; अन्यथा परकी जीवांसाठी सिद्ध केलेले विष बंदरातील मूळच्या जीवांवर उलटेल. शिवाय मीठ नसलेल्या पाण्यात क्लोरीन पुरेसा निर्माण होत नाही; तेथे साठविलेले समुद्रजल किंवा मीठ मिसळणे भाग पडते.

अर्थात ज्या सरोवरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला, त्यांच्याच गोड्या पाण्यात हा उपाय परावलंबी ठरतो. तंत्राचा इतिहास लिहिताना त्याच्या शोधाइतकीच त्याच्या मर्यादेची नोंदही आवश्यक असते, ती यासाठीच.