देवधर सरांचा हंगाम

आप्पा बळवंत चौकात तुम्ही आला आहात ते मुलीच्या गाइडासाठी. स्कूटर लावायला जागा नाही, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. तो हॉर्न अचानक थांबतो आणि त्याच्या जागी सायकलींच्या घंट्या ऐकू येतात. बाजीराव रस्त्यावरून वाहनं दोन्हीकडून चालली आहेत. टांगेवाला 'बाजू, बाजू' ओरडत तुमच्या खांद्याला घासून जातो. प्रभात टॉकीज जागच्या जागी आहे. बाकीचं सगळं बुटकं, कौलारू. अंगावर लोकरी कोट, डोक्यावर काळी टोपी. 1940-41 ची थंडी पडली आहे आणि पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध मुंबई असा रणजी सामना चालू आहे.

मैदानावर जायला तुमच्याकडे तिकीट नाही. पण बुधवार पेठेत राहूनही हा सामना पाहता येतो, फक्त कान उघडे ठेवायचे. लक्ष्मी रस्त्यावर नगर वाचन मंदिरात शिरा. 1848 पासूनची ही संस्था, वर्तमानपत्रांभोवती नेहमीची गर्दी. पहिल्या पानावर लंडनवरचे बॉम्बहल्ले, खाली वैयक्तिक सत्याग्रहात पकडलेल्यांची नावं. लोक तीही वाचतात, गांभीर्यानं वाचतात. मग हळूच पान उलटतं आणि एक बोट धावफलकावर येऊन थांबतं.

शेजारी एस. पी. कॉलेजचा एक पोरगा उभा आहे. बगलेत संस्कृतचं पुस्तक.

"काका, सर अजून खेळतायत का हो?"

त्याचे सर म्हणजे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. वर्गात संस्कृत शिकवतात आणि महाराष्ट्राचे कर्णधार आहेत. जन्म 14 जानेवारी 1892 चा. म्हणजे या हंगामात वय अठ्ठेचाळीस, येत्या संक्रांतीला एकोणपन्नास. 1911 साली ते हिंदू संघाकडून पहिल्यांदा खेळले, तेव्हा या पोराचा जन्मही झालेला नव्हता. 1926 साली मुंबईत गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी 148 धावा काढल्या. 1932 साली भारताचा संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला गेला, त्यात मात्र ते नव्हते. चाळिशी उलटलेल्या माणसाचं क्रिकेट संपलं, असा तेव्हाचा हिशेब. तो हिशेब पुण्यानं कधीच मान्य केला नाही.

गेल्याच हंगामात त्यांच्या संघानं पुण्यातल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला 10 गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक जिंकला. त्याच हंगामात विजय हजारेनं बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या, रणजीतलं पहिलं त्रिशतक. नगरवालाबरोबर नवव्या विकेटला 245 ची भागीदारी. पोरगा हे सगळं घडाघडा म्हणून दाखवतो, शब्दरूपं इतकी पाठ असतील का कोण जाणे.

मैदानाकडून सायकली परतू लागल्या की चौकात घोळका जमतो. पहिला स्वार पाय टेकायच्या आत विचारणा सुरू होते. देवधर शंभर. मग दीडशे. मग दोनशे! अखेर आकडा येतो: 246. महाराष्ट्राचा डाव 675. पेढे वाटावेत असा आकडा, आणि कुणीतरी वाटायला घेतोही.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, म्हणून तुम्ही पेढा हातातच धरून उभे राहता.

कारण मुंबई फलंदाजीला येते आणि बादच होत नाही. तीनशे, चारशे, पाचशे. डावखुरा खंडू रांगणेकर द्विशतक ठोकतो, 202. पहिल्या डावात जो पुढे, तोच सामना जिंकणार, हे चौकातल्या प्रत्येकाला कळतं, म्हणून आता सायकलवाल्यांना कुणी अडवत नाही. ऐकायची भीती वाटते. सहाशे होतात. दुकानदार गिऱ्हाइकाला सुटे द्यायचं विसरतो. आणि मग एक जण, टोपी हातात घेतलेला, गल्लीच्या तोंडाशी सायकल तशीच टाकून पळत येतो: मुंबई सर्वबाद 650!

25 धावा. एवढ्या डोंगराएवढ्या धावांनंतर अंतर उरलं ते एवढंच.

लोक 246 चं कौतुक करतात, करायलाच हवं. मला मात्र त्या 25 धावांचं मोल अधिक वाटतं. द्विशतक काढून थकलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मुंबईच्या 650 धावा होईपर्यंत मैदानात उभा राहतो, गोलंदाज बदलतो, क्षेत्ररक्षक हलवतो, आणि आघाडी निसटू देत नाही. बॅट हातात नसताना कर्णधाराचा जो कस लागतो तो धावफलकावर छापून येत नाही.

याच हंगामात, डिसेंबरात, गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या पंचरंगी स्पर्धेविरुद्ध मत दिलं आणि हिंदू संघ त्या वर्षी उतरला नाही. वाचन मंदिराच्या पायऱ्यांवर त्यावर जोरात वाद चालतो. एक म्हातारे गृहस्थ म्हणतात, पंचरंगीसारखी मजा नाही. पोरगा एकदम उसळतो. "आजोबा, गेल्या वर्षी हजारे आणि नगरवाला धर्म न विचारता एकाच संघासाठी धावले ना? मग?" म्हाताऱ्यांना उत्तर सुचत नाही. तुम्हालाही या पोराचा मनापासून अभिमान वाटतो.

पुढे अंतिम सामना मद्रासला. तिथून सायकलस्वार येऊ शकत नाही, वर्तमानपत्राचीच वाट पाहायची. सकाळी वाचन मंदिराचं दार उघडण्याआधी रांग लागली आहे, तुम्ही तिसरे. पुढचा माणूस मोठ्यानं वाचतो: महाराष्ट्र 6 गडी राखून विजयी. सलग दुसऱ्यांदा करंडक पुण्याला!

पाठीवर थापा पडतात, कुणी कुणाला ओळखत नसताना. पोरगा गर्दीतून वाट काढत सायकलपाशी पोचलाय. तुम्ही विचारता, एवढी घाई कसली?

"सर मद्रासहून आले की तास घेणार, काका. माझा अजून एक धडाही झालेला नाही."

आणि तो शनिपाराच्या दिशेनं जोरात पायडल मारतो.